मेले की मारले गेले? मानवाधिकारांच्या जाहिराती आणि आपला विश्वास

मागच्या महिन्यात मावशीचा फोन आला. "संध्याकाळी येऊन जा, एक कागद दाखवायचाय." मावशी बडोद्यात, दांडिया बाजारात राहते. मराठी शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाली, घरखर्चाचा हिशोब अजून वहीत मांडते. गेले तर टेबलावर एक चकचकीत माहितीपत्रक होतं. दुपारी गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब असलेला एक मुलगा दारात आला होता. मावशीने त्याला आत बसवलं, पाणी दिलं, टॅबवरचा तीन मिनिटांचा व्हिडिओ बघितला आणि दर महिन्याला खात्यातून ५०० रुपये वळते करायच्या फॉर्मवर सही केली. माहितीपत्रक मात्र तिने तो गेल्यावर वाचलं.

"हे बघ. 'भारतात १ कोटीहून अधिक बालमजूर आहेत.' हे कधीचं? मोजलं कोणी? आणि खाली काय म्हणतात, 'तुमचे ५०० रुपये एका मुलाचं बालपण परत देतात.' म्हणजे नेमकं काय होतं गं त्या पाचशेंत?" मग जरा थांबून म्हणाली, "पैशाचं काही नाही. मला भुलवलं का, तेवढं सांग."

मी तिला त्या संध्याकाळी जे सांगितलं, तेच इथे जरा नीट मांडते आहे. मानवाधिकारांच्या जाहिराती दिशाभूल करू शकतात. बऱ्याचदा एकही खोटं वाक्य न लिहिता करतात. आणि हे मी अशा संस्थांवर राग धरून म्हणत नाही. त्यांची गरज आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच हा प्रश्न मला जास्त टोचतो.

मावशीच्या आकड्यापासून सुरुवात करू. तो हवेतून आलेला नाही. २०११ च्या जनगणनेत ५ ते १४ वयाची काम करणारी मुलं १ कोटी १ लाख निघाली. पण त्याच जनगणनेत दुसराही आकडा आहे, ४३.५ लाख. दोन्ही खरे. जनगणना काम करणाऱ्यांचे दोन गट करते. वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामगार, त्याहून कमी केलं तर सीमांत. ४३.५ लाख ही फक्त मुख्य कामगार मुलं. सुगीच्या दिवसांत दीड महिना शेतावर राबणारा मुलगा मोठ्या आकड्यात येतो, लहान आकड्यात येत नाही. आणि घरात भांडी घासणारी, धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी शाळा सोडलेली मुलगी तर दोन्हींत नाही, कारण स्वतःच्या घरचं काम जनगणनेच्या लेखी कामच नसतं.

आता यातला कुठला आकडा फलकावर लिहायचा? देणगी मागणारा मोठा उचलणार, आणि ज्याला प्रगती दाखवायची आहे तो लहान. २००१ मध्ये दोन्ही गट मिळून १ कोटी २६ लाख मुलं होती. त्या एकूण आकड्याशेजारी २०११ चे फक्त मुख्य कामगार, म्हणजे ४३.५ लाख, ठेवून "बालमजुरी किती घटली बघा" अशी तुलना सरकारी निवेदनांतही झालेली आहे. वडाची साल पिंपळाला लावायचा प्रकार. एकूणाशी एकूण लावलं तर घट साधारण पाचव्या हिश्श्याची निघते. तीही चांगलीच गोष्ट आहे, पण तेवढीच.

शिवाय हा आकडा २०११ चा. तेव्हा दहा वर्षांचा असलेला मुलगा आज मतदान करतो. माहितीपत्रकात मात्र साल कुठेच नव्हतं, आणि "आहेत" हे क्रियापद वर्तमानकाळातलं होतं.

असंच 'आधुनिक गुलामगिरी'बद्दल झालं. वॉक फ्री नावाची संस्था जगभरचा एक निर्देशांक काढते. २०१६ मध्ये तिने भारतात १ कोटी ८३ लाख लोक गुलामीत असल्याचा अंदाज दिला. २०१८ मध्ये तोच अंदाज ८० लाखांच्या आसपास आला. दोन वर्षांत कोटीभर माणसं मोकळी झाली नव्हती, मोजायची पद्धत बदलली होती. पद्धत सुधारली तर आकडा बदलणारच, त्यात संस्थेची चूक काढण्यासारखं काही नाही. पण मूळ अहवालात अंदाजासोबत पद्धतीची पानंच्या पानं असतात. भाषणात, फलकावर, फोनवरच्या चित्रात फक्त आकडा पोचतो.

त्याच २०१८ च्या जूनमध्ये "भारत स्त्रियांसाठी जगातला सर्वांत धोकादायक देश" ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली. थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनने ती पाहणी केली होती. त्यांनी सुमारे साडेपाचशे तज्ज्ञांना त्यांचं मत विचारलं होतं. गुन्ह्यांची मोजदाद त्यात नव्हती. संस्थेने ही गोष्ट लपवली नव्हती, तरी मथळ्यात "तज्ज्ञांच्या मते" हे दोन शब्द गळले की मताची वस्तुस्थिती होते. या देशात स्त्रियांना काय सोसावं लागतं हे मला कोणी वेगळं सांगायला नको. म्हणूनच तो मथळा वाचून मला वाईट वाटलं: पुढचे कित्येक दिवस वाद पाहणीवर झाला, बायकांच्या सुरक्षिततेवर नाही.

मग संस्था असं का करतात? एक कारण आपल्याच मनात आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक प्रयोग आहे. लोकांना पाच-पाच डॉलर दिले आणि त्यातले हवे तेवढे दान करा म्हणून सांगितलं. काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट आणि फोटो दाखवला, काहींना फक्त दुष्काळाचे आकडे. रोकियासाठी सरासरी २ डॉलर ३८ सेंट निघाले, आकड्यांसाठी १ डॉलर १४ सेंट. तिसऱ्या गटाला रोकियाही दाखवली आणि आकडेही. वाटतं की इथे सगळ्यात जास्त पैसे जमतील. जमले १ डॉलर ४३ सेंट. नुसती आकडेवारी शेजारी येऊन बसली आणि मुलीसाठी उघडलेला हात आखडला. देणगीवर चालणाऱ्या संस्थेने यातून काय शिकावं? एक चेहरा दाखवा, एक खलनायक दाखवा, उपाय सोपा सांगा, बाकीचं गाळा. गाळलं जातं ते नेमकं समजून घेण्यासारखं असतं.

मला वाटतं हे सगळ्यात स्पष्ट दिसतं दार्फूरच्या बाबतीत. तिथे थोडं रेंगाळते.

दार्फूर हा सुदानचा पश्चिम भाग. २००३ मध्ये तिथे बंड झालं आणि सरकारने ते चिरडण्यासाठी सशस्त्र टोळ्या मोकळ्या सोडल्या. गावंच्या गावं जाळली गेली, लाखो लोक छावण्यांत आले. याबद्दल शंका नाही. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्यावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २००९ मध्ये युद्धगुन्ह्यांसाठी आणि २०१० मध्ये वंशसंहारासाठी अटक वॉरंट काढलं. अमेरिकेत 'सेव्ह दार्फूर' नावाची मोठी आघाडी उभी राहिली आणि तिने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. त्यांत म्हटलं होतं, तीन वर्षांत ४ लाख निरपराध पुरुष, स्त्रिया आणि मुलं मारली गेली.

ब्रिटनमध्ये या जाहिरातीविरुद्ध तक्रार झाली. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेने २००७ मध्ये निकाल दिला की या आकड्याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत, तेव्हा तो तथ्य म्हणून न छापता मत म्हणून मांडायला हवा होता.

मेख आकड्यापेक्षा क्रियापदात आहे. आपल्या मराठीत 'मेले' आणि 'मारले गेले' हे दोन वेगळे शब्द आहेत. कोणाच्या घरी भेटायला गेलो तर आपण ते कधी अदलाबदल करून वापरणार नाही. २०१० मध्ये 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दार्फूरच्या मृत्यूंचा अभ्यास आला. अनेक पाहण्या एकत्र करून त्यांनी २००८ अखेरपर्यंतचे जादा मृत्यू सुमारे ३ लाख धरले. खरा आकडा पावणेदोन लाखांपासून साडेचार लाखांच्या थोडा वरपर्यंत कुठेही असू शकतो, हेही सांगितलं. आणि त्यांतले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू थेट हिंसाचाराने झालेले नव्हते. सुरुवातीला माणसं हल्ल्यांत मेली. २००५ नंतर बहुतेक मृत्यू रोगांनी झाले, आणि त्यांत सगळ्यात जास्त बळी घरदार सोडून आलेल्यांचे होते.

म्हणजे ४ लाख हा आकडा, 'मेले' म्हणून, अगदीच अशक्य कोटीतला नाही. 'मारले गेले' म्हणून तो चुकीचा आहे. कोणी म्हणेल, काय फरक पडतो? जाळून हाकललं नसतं तर ते मूल छावणीत आलं नसतं आणि हगवणीने गेलं नसतं. बरोबर आहे. हाकलणाऱ्याचा गुन्हा यात तसूभरही कमी होत नाही. पण उपाय बदलतो. माणसं हगवणीने मरत असतील तर आधी स्वच्छ पाणी, क्षारसंजीवनी, लसी आणि ते पोचवणारे लोक हवेत. माणसं कापली जात असतील तर आधी फौज हवी. जाहिरातींत लष्करी स्वरूपाचे उपाय मागितले जाऊ लागले, दार्फूरवर विमानबंदी लावा म्हणून, तेव्हा प्रत्यक्ष छावण्यांत काम करणाऱ्या मदतसंस्थांनीच हरकत घेतली. त्यांना भीती होती की त्याने त्यांचीच विमानं आणि माणसं अडकतील.

तक्रार करणारा गट सुदान सरकारच्या बाजूने बोलणारा मानला जात होता. ज्यांना हे अत्याचार झालेच नाहीत असं भासवायचं होतं, त्यांच्या हातात या एका शब्दाने कोलीत दिलं. "बघा, यांची जाहिरात चुकीची ठरली" एवढं म्हणून त्यांना जळलेल्या गावांबद्दल गप्प बसता आलं. अशा जाहिरातीत फसगत होते ती आधी पीडितांची. देणगीदाराचे पाचशे रुपये त्यामानाने लहान गोष्ट आहे.

'कोनी २०१२' अनेकांना आठवत असेल. मार्च २०१२ मध्ये आलेला सुमारे अर्ध्या तासाचा व्हिडिओ, सहा दिवसांत १० कोटी वेळा पाहिला गेला. जोसेफ कोनी हा युगांडातला बंडखोर, मुलांना पळवून त्यांना सैनिक बनवणारा. २००५ पासून त्याच्यावर अटक वॉरंट आहे. माणूस खरा, गुन्हे खरे. पण व्हिडिओ आला तेव्हा तो आणि त्याची टोळी युगांडा सोडून काही वर्षं झाली होती आणि उत्तर युगांडात शांतता होती. तिथल्या लिरा गावात पडदा लावून हा व्हिडिओ दाखवला. ज्यांची मुलं पळवली गेली होती, ज्यांनी स्वतः सोसलं होतं, ते लोक बघायला जमले. पडद्यावर त्यांना बराच वेळ दिसला तो अमेरिकन दिग्दर्शक आणि त्याचा छोटा मुलगा. कोनीचं नाव छापलेले शर्ट आणि भित्तिपत्रकं दिसली. लोक इतके संतापले की आयोजकांनी पुढचे खेळ थांबवले. ज्यांच्यासाठी जाहिरात केली त्यांना ती दाखवली तर ते काय म्हणतील, हा प्रश्न मला त्या लिराच्या पडद्यापासून पाठ झाला आहे. कोनी अजून सापडलेला नाही.

सरळसरळ बनाव मात्र क्वचित होतो, आणि झाला की फार महाग पडतो. १० ऑक्टोबर १९९० ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्यांच्या मानवाधिकार गटापुढे नायिरा नावाच्या १५ वर्षांच्या मुलीने रडत सांगितलं की इराकी सैनिकांनी कुवेतच्या रुग्णालयात बाळांना काचेच्या पेट्यांतून काढून थंड जमिनीवर मरायला टाकलं. अध्यक्ष बुश यांनी ही गोष्ट अनेकदा सांगितली. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवाधिकार संघटनेनेही आपल्या अहवालात ३०० हून अधिक बाळं दगावल्याचं लिहिलं, आणि नंतर ते मागे घेतलं. १९९२ मध्ये उघड झालं की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची कन्या होती आणि ही सगळी मोहीम कुवेती पैशावर हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी चालवत होती. इराकी सैन्याने कुवेतमध्ये लोकांचा छळ केला, माणसं मारली, हे खरं आहे. पण पुढे अशी कुठलीही बातमी आली की कोणीतरी त्या पेट्यांची आठवण काढतं. लांडगा आला रे आला, असं एकदा खोटं ओरडलं की पुढची खरी हाकही वाया जाते.

चित्रांबद्दल थोडक्यात. २०२३ मध्ये अ‍ॅम्नेस्टीच्या नॉर्वे शाखेने कोलंबियातल्या २०२१ च्या आंदोलनांवर लिहिताना कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रं वापरली. हेतू चांगला होता, खऱ्या आंदोलकांचे चेहरे दिसू नयेत. चित्र बनावट असल्याचं बारीक अक्षरांत लिहिलंही होतं. पण एका चित्रात ध्वजाच्या रंगांचा क्रम चुकला होता आणि लोकांनी तो ताबडतोब पकडला. चित्रं काढून टाकावी लागली. चेहरा लपवण्याचे साधे मार्ग आहेत, सावली, पाठमोरा फोटो, नुसते हात. आपल्याकडे तर बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाखाली काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करता येत नाही. मावशीच्या माहितीपत्रकावर मोठ्या डोळ्यांची एक मुलगी आहे. ती खरी बालमजूर असेल तर तिचा चेहरा छापायलाच नको होता, आणि नसेल तर ती आहे असं भासवायला नको होतं.

"म्हणजे चांगली जाहिरात होतच नाही का?" मावशीने विचारलं. होते. १७८८-८९ मध्ये ब्रिटनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध एक चित्र छापलं गेलं. 'ब्रूक्स' नावाच्या जहाजाचा आराखडा, त्यात माणसं लाकडाच्या ओंडक्यांसारखी शेजारी शेजारी निजवलेली. लंडनच्या आवृत्तीत ४८२ आकृत्या आहेत. हेच जहाज आधी एका फेरीत ६०९ माणसं घेऊन गेलं होतं, आणि तसं चित्राखालच्या मजकुरात लिहिलं होतं. चित्रकाराने तेवढी भरली नाहीत. जवळजवळ कायद्याने मान्य केलेली गर्दीच दाखवली आणि तीच बघवत नव्हती. व्यापाऱ्यांना हे चित्र खोडून काढणं जड गेलं, कारण ते वास्तवापेक्षा सौम्य होतं.

दुसरं उदाहरण आपल्याच गावातलं. कमाटीबागेत आज जिथे संकल्पभूमी आहे, ती गोष्ट बडोद्याच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. १९१७ मध्ये बाबासाहेब सयाजीरावांच्या नोकरीत रुजू व्हायला आले आणि त्यांना राहायला जागा मिळेना. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेलं वाचा. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिलो, भाडं दिवसाला दीड रुपया. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी आले. मग दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. एकाने सांगितलं, तू आलास तर नोकर सोडून जातील. दुसऱ्याने बायकोला विचारावं लागेल म्हणून टाळलं. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत बसून राहिले. भाडं दिलंय, दिवस मोजलेत, कोणी काय कारण दिलं ते जसंच्या तसं. स्वतःवर गुजरलं तेवढंच सांगितलंय, एक काठीसुद्धा वाढवलेली नाही. शंभर वर्षांनी ते वाचताना माझा घसा दाटून येतो.

कायद्याची मदत घ्यावी म्हटलं तर ती तोकडी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे, पण त्याची व्याख्या वस्तू आणि सेवांशी बांधलेली आहे. साबण गोरं करतो म्हणणाऱ्याला धरता येतं. "बालपण परत देतो" म्हणणारा काहीच विकत नाही, तो त्या व्याख्येत सरळ बसत नाही. ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्थांच्या आणि विचारांच्या जाहिरातीही त्याच नियमांखाली येतात, म्हणून तो दार्फूरचा निकाल लागू शकला.

मागच्या रविवारी तोच मुलगा मावशीच्या शेजारी आला होता. तिने त्याला हाक मारून वर बोलावलं, सेव उसळ खाऊ घातली आणि माहितीपत्रक पुढे ठेवलं. हा आकडा कुठल्या सालचा? यात महिनाभर काम केलेली मुलं धरलीत का? माझे पाचशे गेल्या महिन्यात कुठे गेले? आणि ही मुलगी कोण? मुलगा वीस-बावीस वर्षांचा, गोंधळला. म्हणाला, मासी, आम्हाला एवढं कोणी शिकवलेलं नाही. पण त्याने तिथूनच ऑफिसला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या बाईंनी फाईल काढून वाचून दाखवलं. आकडा २०११ च्या जनगणनेचा, दोन्ही गट मिळून. पैसे संध्याकाळच्या अभ्यासवर्गांच्या शिक्षकांच्या मानधनात जातात. फोटो विकत घेतलेला आहे, ती मुलगी मॉडेल आहे.

मावशीने लाल पेन काढलं. आकड्यापुढे '२०११' लिहिलं, फोटोखाली 'ही ती नव्हे' लिहिलं, 'बालपण परत देतात' खोडून त्यावर 'अभ्यासवर्गाच्या शिक्षकाच्या पगाराला हातभार लावतात' असं लिहिलं आणि कागद त्या मुलाच्या हातात दिला. "हे तुझ्या साहेबांना दाखव. माझे पाचशे चालू ठेव."